चार नंबरला दाखवलेलं रेड कार्ड

मी बडोद्याची, दांडिया बाजारात वाढले, आणि २०२३ पासून नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी फुटबॉलच्या लोकल मॅचेसना रेफ्री म्हणून उभी राहते. ऑफसाइड, फाऊल, थ्रो-इन हे सगळं वर्षभरात अंगात मुरलं, पण हँडबॉल काही केल्या मुरेना. बॉल हाताला लागला की गल्लीतल्या पोरापासून आजोबांपर्यंत सगळे एका सुरात ओरडतात, "हाथ लाग्यो, हाथ लाग्यो!" आणि त्या आरड्यात एका सेकंदात तुम्हाला दोन वेगवेगळे निर्णय घ्यायचे असतात. दोन, हे मला फार उशिरा कळलं, आणि त्याची किंमत एका सोळा वर्षांच्या मुलाने मोजली. तेच लिहितेय.

आमचे रेफ्रींचे क्लास संध्याकाळी साडेसातला असायचे. शिकवणारे सर रेल्वेतून रिटायर झालेले, प्रतापनगरला राहणारे, तीसेक वर्षं शिट्टी वाजवलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला पुढे बोलावलं, पांढरा टी-शर्ट घातला होता मी, आणि स्केचपेन माझ्या हातात देऊन म्हणाले, "अगं, हात शरीराला टेकव, आणि काखेचा खालचा टोक जिथे येतो तिथे बाहीवर आडवी रेघ मार." मारली. म्हणाले, "या रेघेच्या वर खांदा. तिथे लागला तर खेळ चालू. खाली लागला तर मग पुढचा विचार." हात कुठून सुरू होतो हे २०२० च्या सुमारास नियमात असं काखेच्या रेघेने पक्कं झालं. तो टी-शर्ट मी अजून टाकलेला नाही, धुऊन धुऊन रेघ फिकी झालीये पण दिसते.

आणि "पुढचा विचार" म्हणजे काय, तर नियमाचं पुस्तकच सांगतं की बॉल हाताला लागला म्हणजे प्रत्येक वेळी गुन्हा होत नाही. हे वाक्य प्रेक्षकांना कुणी कधी सांगितलेलंच नसतं बहुतेक. गुन्हा कधी? एक म्हणजे मुद्दाम हात किंवा दंड बॉलकडे नेला तर. दुसरं म्हणजे हात अशा जागी असेल की त्याने शरीर अनैसर्गिकरीत्या मोठं झालंय, म्हणजे तेव्हा तो खेळाडू जी हालचाल करत होता त्या हालचालीला तो हात तिथे असायचं काही कारणच नाही. असा हात ठेवला तर बॉल लागायची जोखीम त्याची, मग मुद्दाम असो नसो. आणि तिसरं, अटॅकरच्या हाताला लागून बॉल थेट गोलमध्ये गेला, किंवा हाताला लागल्या लागल्या त्यानेच गोल मारला, तर चुकून लागला असला तरी गोल रद्द. त्याच्या टीममेटच्या हाताला चुकून लागून मग याने गोल मारला तर मात्र २०२१ पासून गोल धरला जातो, त्याआधी दोन वर्षं धरत नव्हते. म्हणूनच टीव्हीवर जुन्या मॅचेस बघून वाद घालणाऱ्यांना मी हल्ली आधी विचारते, मॅच कुठल्या वर्षाची?

"अनैसर्गिक" या शब्दाने माझी झोप उडवली होती. हात खांद्याच्या वर असला की हँडबॉल, असं मी लहानपणापासून ऐकलेलं, आणि २०१९ ते २०२१ च्या पुस्तकात तसं होतंही, सहसा गुन्हा म्हणून. आता ते वाक्यच नाही. आता रेफ्रीने बघायचं की ती हालचाल काय मागते. सरांनी आम्हाला एक व्यायाम दिला, दोन्ही हात पाठीमागे धरायचे आणि उडी मारून बॉल हेड करायचा. आम्ही सात जण होतो आणि एकालाही धड उडी मारता आली नाही, माझा तर तोल जाऊन मी गुडघ्यावर पडले. मग हात मोकळे सोडून उडी मारली तर ते आपोआप वर आणि थोडे बाहेर गेले. पळताना कोपर मागे जातं, वळताना एक हात लांब जातो, घसरताना एक हात जमिनीवर टेकतो. त्यानंतर महिनाभर मी घरी कपाटाच्या आरशासमोर उभी राहून हेच केलं, वळायचं, थांबायचं, हात कुठे आहे ते बघायचं, आणि धाकटा भाऊ ओट्यावरून माझ्यावर टेनिसचा बॉल फेकायचा. आई स्वयंपाकघरातून विचारायची की तुम्ही परीक्षेचा अभ्यास करताय की मस्ती. पण खरं सांगते, पुस्तकातल्या दोन ओळींपेक्षा त्या ओट्यावर मला जास्त कळलं, कारण बचाव करणारा माणूस हात कुठे ठेवतो हे आधी स्वतःच्या अंगाला माहीत असायला लागतं, मगच दुसऱ्याचं बघून कळतं की हा हात त्या हालचालीतला आहे की शॉट अडवायला म्हणून तिथे ठेवलेला आहे.

बाबांनी १९८६ चा वर्ल्ड कप दूरदर्शनवर बघितलेला, आणि मॅराडोनाचा तो हाताचा गोल आमच्या घरात दर दोन महिन्यांनी निघतोच. "इतकं सगळ्यांना दिसलं, रेफ्रीला कसं दिसलं नाही?" मी हे सरांना विचारलं. ते म्हणाले, दिसलं नाही कारण ते जिथे उभे होते तिथून दिसणारच नव्हतं. रेफ्री होते ट्युनिशियाचे अली बेनासर, त्यांनी नंतर सांगितलं की त्यांना शंका होती म्हणून ते बल्गेरियन लाइन्समन डोचेव यांच्याकडे बघत राहिले, आणि लाइन्समन गोल झाल्यासारखा मध्याकडे निघाला म्हणून त्यांनी गोल दिला. आपल्याकडे लोकल मॅचला व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, सोडा, कधी कधी लाइनला दोन ट्रेन्ड असिस्टंटही मिळत नाहीत, त्यामुळे हँडबॉलचा अर्धा निर्णय पायांवर असतो. तुम्ही खेळाच्या सरळ मागे असाल तर हात आणि बॉल यांच्यातली फट दिसतच नाही. थोडं बाजूला, तिरकं उभं राहायला लागतं, आणि त्यासाठी पळायला लागतं. फिटनेस टेस्टला ७५ मीटर पळा, २५ मीटर चाला, पुन्हा ७५ मीटर पळा हे कशासाठी करून घेतात ते मला तेव्हा कळलं.

परीक्षा मी २०२३ च्या उन्हाळ्यात पास झाले. त्या पुस्तकात कार्डाचा नियम सोपा होता. हँडबॉल करून समोरच्याचा गोल किंवा गोलची स्पष्ट संधी घालवली, ज्याला आम्ही रेफ्री लोक डॉग्सो म्हणतो, तर रेड. कुठेही असो, मुद्दाम असो नसो, फक्त स्वतःच्या बॉक्समधला, म्हणजे पेनल्टी एरियातला, गोलकीपर सोडून. मी हे पाठ केलं आणि तसंच डोक्यात ठेवलं.

मग आलं २०२४. त्या वर्षीची आमची अंडर-१७ टूर्नामेंट ऑगस्टच्या शेवटी होती, पण विश्वामित्रीला पूर आला आणि अर्धं शहर पाण्यात गेलं, मैदानावर कितीतरी दिवस नुसता गाळ. ऑक्टोबरमध्ये नवरात्र, म्हणजे बडोद्यात मोकळं मैदान नावाची गोष्ट गरब्यासाठीच असते. मग दिवाळी. शेवटी नोव्हेंबरमध्ये मॅचेस लागल्या. सेमीफायनल माझ्याकडे होती.

१-१, शेवटची बारा-तेरा मिनिटं. कॉर्नर आला, अर्धवट क्लिअर झाला, बॉल पडला दहा-अकरा मीटरवर उभ्या स्ट्रायकरच्या पायाशी. कीपर आधीच जमिनीवर. स्ट्रायकरने खालून जोरात मारला. जवळच्या पोस्टपाशी बचावाचा चार नंबरचा मुलगा होता, तो शॉट येताना बघून वळला, तोंड फिरवलं, डोळे मिटलेले मला स्पष्ट दिसले, आणि त्याचा डावा हात शरीरापासून लांब, आडवा, पूर्ण उघडा. बॉल मनगटाच्या वरच्या भागाला लागून पोस्टच्या बाहेरून गेला. नसता लागला तर शंभर टक्के गोल होता.

मी बरोबर जागेवर होते, आठेक मीटरवर, तिरकी. शिट्टी वाजवली, पेनल्टी. त्यात आजही मला तिळभर शंका नाही, तो हात त्या वळण्याला लागत नव्हता, त्याने तोच वळण्याचा प्रकार हात अंगाशी धरूनही केला असता. आणि लगेच माझा हात मागच्या खिशात गेला, रेड तिथे ठेवते मी. कार्ड वर केलं.

तो मुलगा माझ्यापाशी आला. ओरडला नाही, हातवारे नाहीत. एवढंच म्हणाला, "मॅडम, जाणीजोईने नथी कर्यूं." जाणूनबुजून नाही केलं. मी त्याला सांगितलं, "त्याने काही फरक पडत नाही, बाहेर जा." तो गेला. बूट काढले आणि बाकाच्या मागे जाऊन उभा राहिला, बसला पण नाही.

पेनल्टी गेली आत, २-१. दहा जणांवर त्यांनी अजून एक खाल्ला, ३-१.

सर मॅच बघायला आले होते, बाउंड्रीबाहेर कडुनिंबाखाली उभे होते. सगळ्यांचा चहा होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग मला बाजूला घेतलं.

"रेड कशाचं दिलंस?"

"डॉग्सो सर. बॉल आत चालला होता."

"हो, चालला होता. हँडबॉल कुठला होता?"

मला प्रश्नच कळला नाही. हँडबॉल म्हणजे हँडबॉल. ते म्हणाले, "मुद्दाम होता का?" मी म्हटलं नाही, त्याने तर डोळे मिटले होते, पण हात लांब होता म्हणून गुन्हा. "मग पिवळं," असं म्हणून त्यांनी मोबाइलवर २०२४-२५ चं नवीन पुस्तक उघडलं आणि लॉ १२ मधली ती ओळ माझ्यासमोर धरली. मुद्दाम हँडबॉल करून गोल किंवा स्पष्ट संधी घालवली तर रेड, कुठेही. पण स्वतःच्या पेनल्टी एरियात मुद्दाम नसलेला हँडबॉल आणि रेफ्रीने पेनल्टी दिली, तर पिवळं. १ जुलै २०२४ पासून. मी जूनमध्ये त्या बदलांची बातमी वाचली होती, पुस्तक डाउनलोडसुद्धा केलं होतं, आणि उघडलं नव्हतं.

सर रागावले नाहीत पण त्यांनी नीट समजावलं आणि ते मी जसंच्या तसं लक्षात ठेवलंय. २०१६ पासून बॉक्समध्ये बॉल खेळायचा खरा प्रयत्न करताना फाऊल झाला आणि संधी गेली, तर पेनल्टी आणि पिवळं असतं, कारण पेनल्टी देऊन संधी परत दिलेलीच असते, वर रेड म्हणजे शिक्षा फार होते. हँडबॉललाही तोच न्याय लावला. ज्याने गोललाइनवर गोलकीपरसारखा हात घातला, जसं २०१० मध्ये घानाविरुद्ध उरुग्वेच्या सुआरेझने शेवटच्या मिनिटाला घातला, त्याला रेड, तेव्हाही रेड आणि आजही रेड. पण ज्याचा हात चुकीच्या जागी राहिला त्याला तितकंच नाही.

आणि मग मला त्या मुलाचं वाक्य आठवलं आणि पोटात खड्डा पडला. मी त्याला म्हटलं होतं की फरक पडत नाही. पेनल्टीसाठी खरंच पडत नव्हता. कार्डासाठी सगळा फरक त्याच एका गोष्टीने पडणार होता, आणि ती त्याने मला स्वतः येऊन सांगितली होती. अर्थात खेळाडू सांगतो म्हणून कुणी कार्ड ठरवत नाही, पण त्याचे मिटलेले डोळे मी स्वतः बघितले होते, माझ्याकडे उत्तर होतं, मी प्रश्नच विचारला नव्हता.

त्या रात्री मी रिपोर्ट लिहिला. दोन ओळींत भागलं असतं, तसं करणारे असतात. मी सगळं लिहिलं, हात कुठे होता, बॉल कुठे चालला होता, डिफेंडरचं तोंड कुठे होतं, पेनल्टी बरोबर, आणि मी दाखवलेलं रेड चालू नियमाप्रमाणे चूक, पिवळं हवं होतं. मॅचचा निकाल त्याने बदलणार नव्हता आणि बदलला नाही. पण बंदीचा निर्णय टूर्नामेंटच्या समितीचा होता, त्यांनी रिपोर्ट वाचून त्या मुलाला तिसऱ्या नंबरसाठीच्या मॅचला खेळू दिलं. त्याच्या कोचने माझ्याशी बोलायचं टाळलं, ते मला समजू शकतं. मुलाला मी मॅचच्या आधी भेटून सांगितलं की कार्ड चुकीचं होतं आणि चूक माझी होती. तो म्हणाला, "चालेल मॅडम," आणि वॉर्म-अपला गेला. दहा जणांनी खेळलेली ती बारा मिनिटं मात्र कुणीच परत देऊ शकत नव्हतं.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. आधी मी शिट्टी आणि कार्ड एकाच श्वासात करायचे, आता शिट्टी वाजवते, जागा दाखवते, आणि मग थांबते. खरंच थांबते, दोन-तीन सेकंद, खेळाडूंनी गराडा घातला तरी. पहिला प्रश्न संपलेला असतो, गुन्हा झाला की नाही. आता दुसरा सुरू होतो आणि तो पूर्ण वेगळा आहे. मुद्दाम होता का? नुसता हँडबॉल, म्हणजे मधल्या मैदानात बॉल हाताला लागला, कुणाचं काही गेलं नाही, तर कार्डच नाही, फ्री किक बस्स. लोकांना हे पटत नाही, त्यांना वाटतं मुद्दाम हात लावला म्हणजे पिवळं आलंच. चांगला हल्ला तोडला, ज्याला आम्ही एसपीए म्हणतो, तर पिवळं, पण तोच जर बॉक्समध्ये मुद्दाम नसलेल्या हाताने तोडला आणि पेनल्टी दिली तर कार्ड नाही. हाताने गोल मारायचा प्रयत्न केला तर पिवळं, गोल झाला नाही तरी. हात मुद्दाम घालून गोल अडवायला गेला, बॉल हाताला लागूनही आत गेला, तर गोल आणि पिवळं. मी हे सगळं आता मॅचच्या दिवशी सकाळी एकदा तोंडाने म्हणते, आंघोळ करताना, घरच्यांना सवय झालीये.

आणि तरीही राखाडी जागा राहतातच, ते कबूल करायला हवं. स्वतःच्याच पायाला लागून बॉल उसळून स्वतःच्या हातावर आला, हे पूर्वी पुस्तकात सहसा गुन्हा नाही म्हणून लिहिलेलं होतं, आता तसं वेगळं लिहिलेलं नाही, पण हात त्या हालचालीतलाच होता का हे बघताना मी ते धरतेच, कारण आपल्याच पायावरून उडालेला बॉल कुठे येणार हे कुणाला कळतं? युरो २०२४ मध्ये स्पेन-जर्मनी मॅचला मुसियालाचा शॉट कुकुरेल्याच्या हाताला लागला आणि पेनल्टी मिळाली नाही, आणि त्याच जर्मनीला आठवडाभर आधी डेन्मार्कविरुद्ध अगदी बारीक स्पर्शावर मिळाली होती. आमच्या क्लासमध्ये त्या दोन क्लिप्सवर दीड तास भांडण चाललं. माझं मत, कुकुरेल्याचा हात शरीरापासून सुटलेला होता, मी पेनल्टी दिली असती. सरांचं मत वेगळं. सगळे कॅमेरे असून ही गत, मग आमच्याकडे एका नजरेत ठरवायचं तर निदान विचारायचे प्रश्न तरी पक्के हवेत.

गेल्या डिसेंबरमध्ये एक मॅच होती, मोठ्यांची. लांब बॉल आला, स्ट्रायकर पळाला, कीपर बॉक्सबाहेर धावत आला, बॉल टप्पा घेऊन त्याच्या छातीवरून जायला लागला आणि त्याने हात वर करून तो बाजूला मारला. मुद्दाम, त्यात काही प्रश्न नाही. माझ्या असिस्टंटने झेंडा वर करून बाहेर अशी खूण केली, तिला ती जागा माझ्यापेक्षा नीट दिसत होती, आणि इथे पाय कुठे होते ते बघत नाहीत, हाताला बॉल कुठे लागला ते बघतात, आणि रेघ बॉक्समध्येच धरतात. शिट्टी. सगळं मैदान "रेड, रेड!" आणि स्ट्रायकर तर माझ्या अगदी तोंडाशी.

मी थांबले. गोलपासून अंतर वीसेक मीटर. बॉल कुठे चालला होता, गोलकडे नाही, कॉर्नर फ्लॅगच्या बाजूला. स्ट्रायकरच्या ताब्यात आला असता का, कदाचित, पण त्याला बाहेरच्या बाजूला पळायला लागलं असतं. डिफेंडर किती आणि कुठे, एक त्याच्या बरोबरीने आणि एक गोलच्या समोर परत पोचलेला. स्पष्ट संधी नव्हती, चांगला हल्ला होता. एसपीए. वरच्या खिशातलं पिवळं काढलं.

पाच मिनिटं मला काय काय ऐकायला लागलं ते इथे लिहीत नाही. स्ट्रायकरच्या कॅप्टनला बोलावून मी एकदाच सांगितलं, बॉल बाहेर चालला होता आणि मागे दोन जण होते. तो मागे वळून त्या दोघांकडे बघायला लागला. बचाव करणाऱ्यांची भिंत ९.१५ मीटर मागे नेली, शिट्टी वाजवली, फ्री किक भिंतीतल्या एकाच्या डोक्याला लागून कॉर्नरला गेली.